पाण्याचा सूर आणि दुबळे चुंबक



सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ सालापासून कृष्णाकाठच्या घराघरांत ऐकले जाते. मध्यम लहरींवर त्याची जागा १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे तिथून निघणारी लहर सुमारे २४० मीटर लांबीची. साताऱ्यात आपण ज्या एफएम पट्ट्यावर गाणी ऐकतो तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा, आणि त्याच्या लहरी तीनेक मीटरांच्या. मिरजेत किंवा कराडला रुग्णाला एमआरआयच्या बोगद्यात सरकवले जाते तेव्हा त्याच्या शरीरात ज्या लहरी सोडतात त्याही याच कुळातल्या. चुंबक दीड टेस्लाचे असेल तर ६४ मेगाहर्ट्झच्या आणि तीन टेस्लाचे असेल तर १२८ मेगाहर्ट्झच्या. एफएमचा सगळा पट्टा या दोन आकड्यांच्या मध्ये बसतो. या तपासणीला ‘किरण देणे’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, पण क्ष-किरणांशी तिचे नाते अगदी दूरचे. ६४ मेगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणाजवळची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या कोटीव्या हिश्शाइतकी. तिने पेशीतला एकही रेणू तुटत नाही. तरीही तिच्या जोरावर मेंदूतली मिलिमीटरभराची गाठ दिसते. हे कसे घडते ते नीट समजून घेतले, तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी कोणते यंत्र हवे या व्यवहारी प्रश्नाचे उत्तरही बदलते, असे माझे म्हणणे आहे. आजचे व्याख्यान या एकाच म्हणण्याभोवती आहे.

आधी त्यातली अडचण पाहू. लहरीच्या लांबीपेक्षा फार बारीक वस्तू त्या लहरीने पाहता येत नाही, हा प्रकाशशास्त्रातला जुना नियम. ६४ मेगाहर्ट्झची लहर हवेत पावणेपाच मीटरांची असते. पाणीदार ऊतींत शिरल्यावर ती आखडते, तरी सुमारे अर्ध्या मीटरची राहते. म्हणजे माणसाच्या डोक्यापेक्षा लहर मोठी. अशा लहरीने मेंदूतली मिलिमीटरभराची रेघ काढणे म्हणजे बैलगाडीच्या धावेने सुईत दोरा ओवण्यासारखे आहे. सोनोग्राफीत ही अडचण येत नाही, कारण तिथल्या ध्वनिलहरी मिलिमीटरपेक्षा आखूड असतात. रेडिओलहरींना शरीराची प्रतिमा काढता आली ती या नियमाला वळसा घालून. तो वळसा समजायला आपल्याला परगावी जावे लागत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले तरी पुरते.

तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवू लागले आणि फरीदसाहेब शिकलगारांपासून मिरजेत या कारागिरीची परंपरा रुजली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या गल्लीतल्या कोणत्याही कारखान्यात एक साधा प्रयोग करता येतो. दोन तंबोरे एका सुरात लावायचे, दुसऱ्याच्या जोडीच्या तारेवर कागदाचा बारीक कपटा घडी करून ठेवायचा, आणि पहिल्याची जोडीची तार छेडायची. कोणी हात लावलेला नसताना कपटा थरथरतो आणि तार जोरात बोलली तर उडून खाली पडतो. खर्जाच्या तारेवर ठेवलेला कपटा मात्र तितका हलत नाही. सतारीच्या पडद्यांखालून जाणाऱ्या तरफेच्या तारा याच तत्त्वावर वाजतात. जिचा सूर लागला तीच तार बोलते. याला वाईच्या मराठी विश्वकोशाने अनुस्पंदन हा शब्द वापरला. शाळेच्या पुस्तकात अनुनाद असतो, पण मला विश्वकोशाचा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण ज्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे तिच्यात नाद नाही, स्पंदन आहे.

आपल्या शरीराचा दोन तृतीयांशाच्या जवळपास भाग पाण्याचा. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि प्रत्येक हायड्रोजनच्या गाभ्यात एक प्रोटॉन. हा प्रोटॉन चिमुकल्या चुंबकासारखा वागतो, आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की त्याच्याभोवती भोवऱ्यासारखा घुमू लागतो. त्याच्या घुमण्याचा एक ठरलेला सूर असतो. एक टेस्लाच्या क्षेत्रात तो ४२.५८ मेगाहर्ट्झ भरतो, दीड टेस्लात त्याच्या दीडपट. बाहेरून नेमकी त्याच सुराची रेडिओलहर सोडली तर प्रोटॉन तिच्यातली थोडी ऊर्जा घेतात, आणि लहर थांबवल्यावर त्याच सुरात स्वतः क्षणभर बोलतात. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली अमेरिकेत वेगवेगळ्या प्रयोगशाळांत हे दाखवले आणि १९५२ चे नोबेल दोघांना मिळून दिले गेले. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्येच एस. एस. धर्मट्टी हे भारतीय संशोधक काम करत होते. अर्नोल्ड आणि पॅकर्ड यांच्याबरोबर १९५१ मध्ये त्यांनी दाखवले की अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगळ्या सुरांत बोलतात, कारण प्रत्येकाचा शेजार वेगळा. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया धर्मट्टींनीच घातला. त्याच १९५१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा संकेत मोजून तो साचलेल्या द्रवाहून वेगळा येतो हे नोंदवले. आज सुई न टोचता रक्तवाहिन्यांचे चित्र निघते, त्यामागे या निरीक्षणाची ओळ आहे. ही दोन नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

पण एवढ्याने चित्र तयार होत नाही. डोक्यातले सगळे पाणी एकाच सुरात बोलू लागले तर कोणता आवाज कुठून आला हे कसे कळणार? पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये यावर जो उपाय छापला तो पाहून आजही मन थक्क होते. त्यांनी चुंबकाचे क्षेत्र मुद्दाम उतरते केले, एका बाजूला किंचित अधिक आणि दुसऱ्या बाजूला किंचित कमी. त्यामुळे प्रत्येक जागेच्या पाण्याला आपापला सूर मिळाला. स्वरमंडलावर डोळे मिटून कुठलीही तार छेडली, तरी कान तयार असलेला माणूस सुरावरून ती कितवी तार हे सांगतो. सुरावरून जागा कळते. लॉटरबरनी त्या वेळी टिपले ते फक्त पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे छेदचित्र, पण लहरीच्या लांबीची अडचण तिथेच संपली. जागा लहरीच्या लांबीने मोजायचीच नाही, सुरातल्या फरकाने मोजायची. पुढे १९७५ मध्ये झुरिकमध्ये अनिल कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी अनेक सुरांच्या मिश्रणातून एकेक सूर गणिताने वेगळा काढून चित्र उभे करण्याची रीत दाखवली. आजचे प्रत्येक एमआरआय यंत्र या रीतीच्या वंशातले आहे, आणि त्या शोधनिबंधावर पहिले नाव अनिल कुमार यांचे आहे, जे नंतर बंगळूरला प्राध्यापक होते. या गणिताला फूरियेचे गणित म्हणतात, आणि तेच नारायणगावजवळच्या खोडदला वापरतात. पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या ३० रेडिओ दुर्बिणींचे संकेत त्याच गणिताने जोडून आकाशगंगांची चित्रे काढली जातात. ती दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप स्टॅनफर्डला ज्या रोनाल्ड ब्रेसवेल यांचे विद्यार्थी होते, त्यांनी १९५६ मध्ये सूर्याच्या रेडिओ नकाशासाठी मांडलेले गणित पुढे सीटी स्कॅनलाही लागू पडले. आकाश आणि शरीर, दोन्हीकडे ऐकून पाहण्याची विद्या एकच.

आता तिसरी गोष्ट, आणि वैद्यकात सर्वांत मोलाची हीच. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिचा सूर किती वेळ टिकतो याला गाणारे ‘आस’ म्हणतात. जवारी चांगली लागलेली असली, घोडीवरचा दोरा नेमक्या जागी बसला असला, की आस लांबते. लाकूड दमट असले तर तार लवकर बसते. पाण्याच्या प्रोटॉनांचेही तसेच आहे. मेंदूतल्या पोकळ्यांमधले मोकळे पाणी दीर्घकाळ बोलत राहते. पांढऱ्या द्रव्यातले, चरबीच्या आवरणांत अडकलेले पाणी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आतच गप्प होते. सूज आलेल्या जागी पाणी वाढते आणि आस लांबते. गाठीतल्या पाण्याची आस निरोगी ऊतीपेक्षा वेगळी असू शकते हे रेमंड डॅमेडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या ऊतींवर मोजून दाखवले होते. म्हणून आपण ज्याला एमआरआयची फिल्म म्हणतो ते छायाचित्र नसते. तो आकड्यांचा तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक चौकटीतल्या पाण्याने किती वेळ कसा सूर धरला ते करड्या रंगात भरलेले असते. एकदा हे ध्यानात आले की ‘चित्र किती स्पष्ट’ हा प्रश्न मागे पडतो. ‘कोणती आस ऐकायची आहे’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. माझ्या म्हणण्याचे मूळ इथे आहे.

चुंबके इतकी मोठी का झाली याचे कारणही याच तत्त्वात आहे. शरीराच्या तापमानाला उष्णतेमुळे प्रोटॉन सैरावैरा असतात. दीड टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट क्षेत्र लावले, तरी दहा लाखांमागे पाचच प्रोटॉन जास्तीचे एका दिशेला वळतात, आणि आपल्याला ऐकू येतो तो त्या पाचांचाच आवाज. क्षेत्र वाढवले की आवाज वाढतो. म्हणून नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची कुंडले उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमात बुडवून अतिवाहक चुंबके तयार झाली. हेलियम आपल्याला परदेशातून आणावा लागतो. चुंबकाचे वजन काही टन. सभोवती तांब्याच्या पत्र्याने मढवलेली खोली लागते, कारण एरवी गावभरची रेडिओ केंद्रे त्या पाच प्रोटॉनांच्या कुजबुजीवर मात करतील. गारवा राखणारी यंत्रणा दिवसरात्र चालू, आणि वीज गेली तरी तिची सोय हवी. हे सगळे मिरजेसारख्या वैद्यकीय परंपरा असलेल्या गावाला पेलते. १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस यांनी तिथे रुग्णालय उभारले तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण त्या स्टेशनावर उतरत आले आहेत. पण जत, आटपाडी, दहिवडी किंवा पाटणला हे पेलत नाही. दीड टेस्लाचे स्वदेशी यंत्र बनवण्याचा प्रकल्प पवईच्या समीर या संस्थेच्या पुढाकाराने चालला असून २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या एम्सशी चाचणीसाठी करारही झाला. त्याचे मोल मोठे आहे. पण स्वदेशी झाले तरी दीड टेस्लाचे चुंबक दीड टेस्लाचेच, आणि त्याला तांब्याची खोली लागणारच.

म्हणून दुसऱ्या टोकाकडे पाहू. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी मेंदूच्या तपासणीसाठी ०.०६४ टेस्लाच्या, चाके असलेल्या यंत्राला परवानगी दिली. त्याच्यात हेलियम नाही, कायमचुंबक आहे, आणि ते भिंतीतल्या साध्या प्लगवर चालते. २०२४ च्या मे महिन्यात हाँगकाँगच्या संशोधकांनी ०.०५ टेस्लात सबंध शरीराच्या प्रतिमा काढून दाखवल्या. तिथली विजेची गरज घरातल्या गिझरच्या आत, १८०० वॅट, आणि तांब्याची खोली नाही. इथल्या सुरांचे आकडे पाहण्यासारखे आहेत. ०.०५ टेस्लात प्रोटॉन २.१ मेगाहर्ट्झला घुमतात, म्हणजे आकाशवाणी सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झच्या सुमारे पावणेदोन पटीला. या सुराच्या आसपास मोटारी, पंप, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांची खरखर भरपूर असते. ती थोपवायला भिंत न बांधता वेगळीच युक्ती करतात. रुग्णाभोवतीच्या कॉइलखेरीज आणखी काही कॉइल दूरवर ठेवून फक्त खरखर ऐकतात आणि ती मूळ संकेतातून वजा करतात. भिंतीचे काम गणिताने होते. अर्थात इथे दीड टेस्लाच्या तुलनेत वळणारे जास्तीचे प्रोटॉन तिसाव्या हिश्शावर, कोटीमागे दोनही नाहीत. चित्र भरड येते, यात लपवण्यासारखे काही नाही.

भरड चित्राने किती चुकते, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर मी आकड्यांनीच देतो, आणि ते माझ्या बाजूचे आहे असे नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ०.०६४ टेस्लाच्या यंत्राने मेंदूतल्या रक्तस्रावाच्या ५६ तपासण्यांपैकी ४५ ओळखल्या. ११ सुटल्या. ज्यांच्यात रक्तस्राव नव्हता अशा ८८ पैकी ८५ बरोबर निघाल्या. अपघाताच्या रुग्णाच्या बाबतीत ५६ मधल्या ११ सुटणे मला मान्य नाही. अशा रुग्णाला सीटीच हवे आणि त्यासाठी त्याला रुग्णवाहिकेतून धावतच न्यायला हवे. पण जन्मतः डोक्यात पाणी साठलेल्या बाळाचा विचार करा. त्याच्या मेंदूतून पोटात उतरणारी शंटची नळी बसवलेली असते. ती तुंबली का, पोकळ्या वाढल्या का, हा प्रश्न बालपणात पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. टाळू मिटली की सोनोग्राफीला वाट राहत नाही, आणि वरचेवर सीटी काढणे म्हणजे वाढत्या मेंदूला क्ष-किरणांचा डोस देत राहणे. इथे ऐकायची आस आहे ती मोकळ्या पाण्याची, सर्वांत लांब, सर्वांत ठळक, आणि पोकळी सेंटिमीटरांत मोजायची असते. दुबळ्या चुंबकाला हा प्रश्न झेपतो. युगांडात लहान मुलांच्या याच आजारासाठी कमी क्षेत्राचे यंत्र उभारण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच कारणाने. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावरच्या रुग्णाला खालच्या मजल्यावरच्या बोगद्यापर्यंत नेणे धोक्याचे असते तेव्हा मेंदूतली सूज किती सरकली हे खाटेजवळ पाहता येणे, हा दुसरा प्रश्न. यंत्राची योग्यता अशी प्रश्नागणिक ठरते, टेस्लागणिक ठरत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मला फार गंभीर वाटतो. शहराला पुणेरी दर्जाचे यंत्र आणि जतच्या माणसाला भरड, हा अन्याय नव्हे काय? ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ हे उत्तर मी देणार नाही. त्या वाक्याच्या आडून ग्रामीण आरोग्यसेवेत पुष्कळ निकृष्ट गोष्टी खपवल्या गेल्या आहेत. निकष एकच असावा. त्या विशिष्ट प्रश्नाला शहरातल्या यंत्राइतकेच भरवशाचे उत्तर मिळत असेल तरच दुबळे चुंबक वापरावे, नाहीतर रुग्णाला मिरजेला पाठवण्याची गाडी हीच त्याची तपासणी समजावी. शंट बसवलेल्या मुलाला दर वेळी दीड-दोन तासांची वाट धरून, मजुरी बुडवून, मिरजेत दिवसभर नंबर धरायला लावणे आणि बोगद्यात हलू नये म्हणून भूल द्यायला लावणे, हाही अन्यायच. तो मोजण्याची आपल्याला सवय नाही, एवढेच.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. भरड संकेतातून नेटके चित्र निघते ते संगणकाला हजारो नमुने शिकवून. मग त्यातले किती शरीरातले आणि किती संगणकाने भरलेले? ही भीती खरी आहे. युगांडातल्या जलशीर्ष, म्हणजे डोक्यात पाणी साठलेल्या, मुलांच्या संदर्भात २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात दोन्ही बाजू दिसल्या. तज्ज्ञांना उपचार ठरवायला नेहमीपेक्षा बरेच भरड चित्र पुरले, आणि संगणकाने सुधारलेली चित्रे दिसायला अधिक उपयुक्त वाटली, पण त्यांत नसलेली रचना उमटण्याचा धोकाही आढळला. गायकाचा एखादा सूर लागला नाही तर साथीचा हार्मोनियमवाला तो भरून काढतो. मैफलीत ते चालते. गळ्याची परीक्षा घ्यायची असेल तर हार्मोनियम बंद ठेवावा लागतो. म्हणून डॉक्टरपुढे सुधारलेल्या चित्राबरोबर मूळ भरड चित्रही असलेच पाहिजे, आणि खरेदीच्या करारातच तसे लिहून घेतले पाहिजे. हा मुद्दा विक्रेत्याच्या मर्जीवर सोडण्यासारखा नाही.

चौथा आक्षेप आपल्याच मातीतला. चाकांवरचे सोनोग्राफी यंत्र गावोगाव फिरले तेव्हा काय घडले ते सांगली जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी गर्भपात केलेले भ्रूण सापडले, त्याने अख्खा महाराष्ट्र हादरला होता. फिरते एमआरआय आले तर गर्भातली मुलगी पुन्हा धोक्यात येईल का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी नमस्कार करतो. डोक्यापुरते उघडे असलेले यंत्र पोटाची प्रतिमा घेऊच शकत नाही, हे त्याचे भौतिक उत्तर. पण हाँगकाँगचे यंत्र सबंध शरीराचे आहे. म्हणून दुबळी चुंबके आणायचीच तर डोक्याचीच आणावीत. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीत सोनोग्राफीबरोबर इतर प्रतिमायंत्रेही धरलेली आहेत. सबंध शरीराच्या यंत्राची नोंदणी, जागा आणि प्रत्येक तपासणी त्या कायद्याच्या वहीत चढलीच पाहिजे. या एका बाबतीत मी सोयीपेक्षा अडवणूक पसंत करतो.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. रेडिओलहरी पेशी तोडत नाहीत, पण ऊती तापवतात. म्हणून शरीराच्या किलोमागे किती वॅट द्यायचे याला मर्यादा आहे. मजबूत चुंबकाचा धोका मात्र वेगळाच. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या सिलिंडरसकट खोलीत गेलेला माणूस चुंबकाकडे ओढला जाऊन दगावला. दुबळ्या चुंबकाची ओढ त्या मानाने पुष्कळ कमी असते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि खिशातली कात्री किंवा किल्ल्या तिथेही बाहेरच ठेवाव्या लागतात. हृदयात पेसमेकर असलेल्या रुग्णाची चौकशी दोन्हीकडे सारखीच करावी लागते.

सांगलीसाठी आणखी एक बाजू आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, आणि २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या आठवणीत ताजे आहेत. काही टनांचे चुंबक वजनामुळे बहुधा तळमजल्यावरच बसवतात. पाणी चढू लागले तर ते हलवता येत नाही, आणि हेलियम सोडून द्यावा लागला तर पुन्हा भरून चुंबक चालू करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. चाकांचे यंत्रही सहाशे किलोंच्या वर भरते, ते काही डोक्यावरून नेता येत नाही. पण रॅम्प असेल तर ते वरच्या मजल्यावर चढवता येते आणि पूर ओसरला की त्याच दिवशी पुन्हा प्लग लावता येतो. पूररेषेतल्या शहराने यंत्र निवडताना हे गणित टेस्लाच्या आकड्याशेजारीच मांडायला हवे.

चित्रे वाचणार कोण, हा शेवटचा आक्षेप. चित्रे मिरजेला किंवा पुण्याला पाठवून रिपोर्ट मागवणे आज अवघड राहिलेले नाही. पण भरड चित्र वाचायला वेगळी नजर लागते आणि ती सरावानेच येते. म्हणून खरेदीआधी दोन वर्षांचा प्रयोग व्हावा असे मला वाटते. एक यंत्र मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि एक साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ठेवावे. त्यावर तपासलेल्या प्रत्येक रुग्णाची दीड टेस्लावर किंवा सीटीवरही तपासणी व्हावी, आणि दोन्ही रिपोर्ट एकमेकांचे न पाहता लिहिले जावेत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना खरखर ऐकणाऱ्या कॉइल गुंडाळता येतील. ऊसपट्ट्यातल्या पंपांची, साखर कारखान्यांच्या मोटारींची खरखर २.१ आणि २.७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ०.०५ आणि ०.०६४ टेस्लाच्या सुरांवर, किती असते हे त्यांनी गळीत हंगामात मोजावे आणि पावसाळ्यात पुन्हा मोजावे, कारण परदेशी यंत्राने आपली खरखर ऐकलेली नाही. या प्रयोगाच्या वहीत रुग्णाचे वय, प्रश्न आणि दोन्ही उत्तरे लिहिण्याच्या आधी एक रकाना आखावा, सुटलेल्यांचा. तो दर महिन्याला मराठीत छापून रुग्णालयाच्या दारावर लावावा, म्हणजे आत जाणाऱ्या आईला त्या यंत्राला कोणते प्रश्न झेपतात आणि कोणते झेपत नाहीत हे दारातच वाचता येईल.